बाद होऊन परत येताना

"आर्डिथ, ऊन लागतंय पोरीला," ओर्विल म्हणाले.

जोलीनने मांडीवरच्या टेसाच्या टोपीची कड पुढे ओढली. चूक दुरुस्त करायचं तिने कधीच सोडून दिलं होतं. आर्डिथ ही ओर्विल यांची बायको, जोलीनची सासू. तिला जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती. हिवाळ्यात ओर्विलना अर्धांगाचा झटका आला, बोलणं तुटक झालं आणि तेव्हापासून ते सुनेला आर्डिथ म्हणू लागले. जोलीनचा नवरा ग्रँट दिवसभर कामावर, घरात तान्ही पोर. ज्याला माणसं ओळखता येत नाहीत तो उद्या शेगडी चालू ठेवून विसरला तर? ही भीती जोलीननेच नवऱ्याजवळ बोलून दाखवली होती. सोमवारी वृद्धाश्रम बघायला जायचं ठरलं होतं. त्याआधी एकदा बेसबॉलची मॅच बघू दे त्यांना, म्हणून ती आज त्यांना मैदानावर घेऊन आली होती.

गावाची टीम लहान लीगमधली. इथून पोरं मोठ्या टीममध्ये जात, नाहीतर घरी. ओर्विल यांनी जन्मभर धान्याच्या कोठारावर वजनकाटा सांभाळला आणि उन्हाळे तिसऱ्या बेसमागच्या याच बाकावर काढले. त्यांना एकच खोड होती. कुठलाही नवा खेळाडू दिसला की तो जुन्यांपैकी कोणावर गेलाय ते ठरवायचं. पण चेंडू किती लांब मारला यावरून नाही. तीन चेंडू चुकवून बाद झालेला पोरगा परत कसा चालत येतो, ते बघून. त्याआधी कितीही विचारा, उत्तर मिळत नसे.

शेजारच्या जागेवर त्यांचा जुना सोबती वेंडेल शेंगा सोलत होता. "आलास होय? मी आपला पाय पसरायच्या तयारीत होतो," तो म्हणाला. ओर्विल अर्ध्या ओठाने हसले.

येफ्री नावाचा नवा पोरगा बॅट घेऊन आला. डोमिनिकन रिपब्लिकचा, सडपातळ, शर्ट खांद्यावरून ओघळणारा. त्याने तिन्ही चेंडू चुकवले आणि तो परत फिरला.

"रस्टी," ओर्विल म्हणाले.

रस्टी ग्रँटच्या लहानपणी या टीममध्ये खेळायचा. म्हणजे आता खेळाडूही ओळखू येईनात. जोलीनने वेंडेलकडे पाहिलं. तो मात्र खुशीत मान डोलवत होता.

"रस्टीच. चाल बघ की."

"हेल्मेट," ओर्विल एकेक शब्द जमवत म्हणाले. "रस्टी आपटायचा. हा... नीट ठेवतो. हा बरा."

वेंडेलने शेंगांची पिशवी जोलीनपुढे केली. "हा असाच आहे गं पहिल्यापासून. कोणासारखा वगैरे सांगत बसत नाही, सरळ नाव चिकटवून मोकळा. मला कित्येक वर्षं स्वतःच्या भावाच्या नावाने हाक मारतोय."

टेसाला मांडीवर झोप लागली. जोलीनचं बोट आपोआप तिच्या नाकाखाली गेलं. दिवसातून कितीदा जायचं याचा हिशेब तिनेही ठेवला नव्हता.

"आर्डिथ," ओर्विल म्हणाले.

या वेळी तिने विचारलं, "कशावरून, डॅड?"

त्यांनी चांगल्या हाताने तिच्या बोटाकडे खूण केली. "ग्रँट झोपला की... असंच. श्वास बघायची." मग पुढचा शब्द सापडेपर्यंत ते मैदानाकडे बघत राहिले. "पण ती उठवायची त्याला. रोज. तू नाही उठवत. तू बरी, जोलीन."

जोलीन बसली होती ती चौकड्यांची गादी आर्डिथची. गाडीतून उतरल्यावर त्यांनीच ती लुळ्या हाताच्या काखेत धरून आणली होती आणि स्वतः बसायच्या आधी तिच्यासाठी बाकावर अंथरली होती. तेव्हा तिला वाटलं होतं, म्हातारा बायकोची जागा धरतोय.

तिने फोन काढून ग्रँटला लिहिलं, सोमवारचं राहू दे. शेगडीचं आपण बघू काहीतरी.

दुसरा पोरगा बॅट घेऊन उभा राहिला होता. उंच, डावखुरा.

"हा कोण, डॅड?"

"थांब," ओर्विल म्हणाले. "परत येऊ दे आधी."

ती थांबली. टेसाच्या नाकाखालचं बोट तिने काढून घेतलं, तेव्हा तिथे ओर्विल यांनी आपलं ठेवलं.