कोलशेतची टाकी

"गुळाचा चहा परत फाटलाय," अक्षदा माझ्या कानाशी पुटपुटली. "पर्यावरण वाचलं, चहाचं मात्र वाटोळं."

ठाण्याच्या ऑफिसात कोलशेतच्या नव्या शाखेची मीटिंग चालली होती. आमच्या हॉटेलांची ओळख म्हणजे शून्य कचरा. खरकटं मागच्या बायोगॅसच्या टाकीत जातं आणि त्याच्याच गॅसवर पिठलं शिजतं. 'आमच्याकडे सिलिंडर येत नाही' अशी पाटीच आहे दारावर. शहाडचं स्वयंपाकघर माझ्याकडे.

मालकीण रचना मॅडमनी भिंतीवर नकाशा दाखवला. "टाकी शहाडसारखीच, फक्त मोठी. आणि तिथे जे झालं ते परत नको, म्हणून झाकणापाशी सूचना लावू. पाय घसरतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. तीन महिन्यांपूर्वी शहाडच्या टाकीत माझ्या स्वयंपाकघरातल्या मारुतीचा जीव गेला. तेव्हापासून आम्ही पाय घसरला असंच म्हणतोय. त्याच्या बायकोलाही तेच सांगितलं.

"कोलशेतची टाकी कोण सांभाळेल?" मॅडमनी विचारलं.

"मी बघतो की," रतन म्हणाला. दोन मुलींचा बाप, कुठल्याच कामाला नाही न म्हणणारा. मारुतीही असाच होता.

"रतन, तू टाकीत उतरायचं नाहीस," मी म्हटलं.

"ताई, आत्ता कशाला..." अक्षदाने माझा हात दाबला.

"मॅडम, मारुती घसरला नाही, आतल्या गॅसने गुदमरला. पाहुणे यायचे होते, शेगडी मंद झाली, आणि एक सिलिंडर आणायची आपल्याला लाज वाटली. मीच त्याला म्हटलं, उतर रे जरा, गाळ काढ."