आठ हात वावर

कुदळीचा घाव वाफ्यावर पडला आणि दगडावर पडावा तसा आवाज आला. मातीचा एक पापुद्रा खापरीसारखा सुटून बाजूला पडला. भाईदासनं तो उलटा करून पाहिला. खाली पंधरा दिवसांपूर्वी पेरलेली मेथी होती. कोंब निघाले होते, पण वर यायला वाटच न मिळाल्यानं पिवळे पडून आतल्या आत वळले होते.

"आते ऱ्हाऊ द्या," दारात घटासाठी गहू निवडत बसलेली शोभाबाई म्हणाली. "उद्या घट बसतीन. गावनी माती काही ऊनी नही. ह्याच वाफामाईन लेऊत मूठभर."

"घटाले वावरनी माती लागस," भाईदास म्हणाला. "हाऊ वाफा शे."

नवऱ्याचं हे दुखणं शोभाबाईला ठाऊक होतं. ती पुन्हा गहू निवडू लागली. सुरतेतल्या कतारगामच्या या चाळीत येऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती. भाईदास कापडाच्या खात्यात दोन सांचे, म्हणजे यंत्रमाग, चालवायचा, पण कोणी विचारलं तर सांगायचा, मी शेतकरी, इथं थोडे दिवस आलोय. हे थोडे दिवस काही केल्या संपत नव्हते. खानदेशात तापीच्या काठाला दोघा भावांचं मिळून दोन एकर काळं वावर होतं. धाकटा निंबा ते कसत होता. दरवर्षी नवरात्राच्या आधी, सुरतेला येणाऱ्या कोणाच्या तरी हाती तो त्या वावराची माती फडक्यात बांधून पाठवी. घटाला माती द्यावी ती वावर कसणाऱ्यानं, अशी त्यांच्या घरची रीत. ती पुरचुंडी हातात आली की भाईदासला वाटे, आपण अजून तिकडचेच आहोत, एक ना एक दिवस परत जाऊ. यंदा पुरचुंडी आली नव्हती आणि त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

वाफा ही त्याचीच हौस. चाळीसमोरची जमीन म्हणजे कोळशाची राख, खडी आणि विटांचे तुकडे टाकून केलेली भरणी. तिथं गवतसुद्धा नाक मुरडून उगवायचं. म्हणून त्यानं विटा रचून गुडघाभर उंच, आठ हात लांब आणि तीन हात रुंद वाफा बांधला. तबेल्यातलं शेण, कडुनिंबाचा पाला, चुलीतली राख, भाजीची देठं, जे मिळेल ते सात वर्षं त्यात जिरवलं. तेव्हा कुठं दोन-चार मिरच्या आणि कोथिंबीर हाती लागू लागली होती.

मग यंदा, अडुसष्ट सालच्या पावसाळ्यात, पूर आला. तापी चाळीत शिरली आणि ओसरताना घराघरात वीतभर गाळ ठेवून गेली. सगळे नाक दाबून तो बाहेर फेकत होते. भाईदासनं मात्र वाफ्यातली सात वर्षांची खिचडी उपसून भिंतीमागं टाकली आणि टोपल्या भरभरून गाळ आत ओतला.

"भाईदासभाई, आ कादव छे, सोनुं नथी," शेजारचे रमणभाई चिखलाकडे बोट दाखवत म्हणाले.

"हमारे गाव की माटी है, रमणभाई," भाईदास हसून म्हणाला. "तापी ने घर बैठे पहुँचा दी."

शोभाबाईनं थोडं शेणखत मिसळा म्हणून सांगितलं, तेही त्यानं ऐकलं नाही. घरच्या मातीत भेसळ कशाला, असं त्याचं म्हणणं. ऊन पडलं तसा गाळ फरशीसारखा आवळत गेला.

संध्याकाळी निंबा आला. स्वतःच आला. खांद्यावर वळकटी, हातात पत्र्याची पेटी. फडकं कुठं दिसेना. शोभाबाईनं पाणी दिलं. ते पिऊन त्यानं तांब्या खाली ठेवला.

"भाऊ, माती नही लयनी."

"का रे? भूली गया का?"

"वावरच नही ऱ्हायनं."

भाईदासला आधी कळलंच नाही. निंबा खाली मान घालून सांगत गेला. "पानी वसरनं, जाईसन देखं, ते काठच तुटेल. बांध, बोरनं झाड, बठ्ठं नदीमा गये."

"तू ते लिखं व्हतं, सगळा सुखरूप शेतस."

"मानसं सुखरूपच शेतस ना, भाऊ. वावरनं कसं लिखू?" मग तो म्हणाला, "माले सांचावर लाई देशी का?"

भाईदास उठून वाफ्यापाशी गेला. तापीनं गावची माती घरबसल्या पोचवली, ही दीड महिना हसत केलेली थट्टा आता खरी झाली होती. या गाळात मूठभर माती आपली असेल, नसेलही. नदी काही नाव लिहून आणत नाही. पण परत जायची जागा गेली होती, हे खरं होतं. वाफ्याच्या विटांवर बसून तो रडला. बायको बघत होती, भाऊ बघत होता, त्याची त्याला लाज वाटली नाही.

निंबा जवळ आला, पण मातीला हात न लावता उभ्याउभ्याच म्हणाला, "नुसता गाळ शे, भाऊ. एकल्या गाळना पापुद्रा बनस. तेमा शेण, राख, पाला मिसळना पडस." बोलता बोलता शेतकरी जागा झाला होता. तेवढं बोलून तो पुन्हा वळकटीपाशी जाऊन बसला.

सकाळी उजाडताच भाईदासनं भिंतीमागची जुनी खिचडी टोपल्यांनी परत आणली. गाळाची ढेकळं फोडली, दोन्ही हातांनी चोळून चोळून एकात एक कालवली, वर पाणी शिंपडलं. माती मोकळी झाली. निंबा भिंतीला टेकून लांबूनच बघत होता.

शोभाबाई न्हाऊन आली. तिनं वाफ्याला हळदकुंकू वाहिलं आणि घटाची टोपली नवऱ्यापुढं धरली. भाईदासनं हात पुढं केला नाही.

"निंबा, तू दे."

"मन्हं वावर कोठे शे आते, भाऊ?"

भाईदासनं हाताची माती झटकली आणि वाफ्यापासून बाजूला सरून त्याला जागा करून दिली. "आठ हात लांब, तीन हात रुंद शे. सांचावर जाशी तरी सकाय-संध्याकाय व्हई. कसशी का?"

निंबानं या विटेपासून त्या विटेपर्यंत पाहिलं. मग पायातल्या वहाणा काढून तो पुढं आला. एक ओंजळ टोपलीत घातली, दुसरी घातली. तिसरी भरली आणि वावरातली माती पाहावी तशी ती अंगठ्यांनी चुरून बघत तो उभा राहिला. शोभाबाई टोपली घेऊन थांबून राहिली.