डुलणाऱ्या खुर्च्या

बाहुलीघरातलं चिमुकलं सामान करायचा थोरलीचा छंद बघता बघता धंदा झाला. एकटीच्या हाताने काम उरकेना, तेव्हा तिने धाकट्या जावेला सोबत घेतलं. धाकटीची नोकरी नुकतीच गेली होती आणि तिचा उतरलेला चेहरा कुणाला बघवत नव्हता. तिच्याकडे खुर्च्या आल्या. नखाएवढी बैठक, काडीचे पाय.

खुर्ची झाली की आरशाच्या तुकड्यावर ठेवून बोटाने दाबायची आणि डुलली तर बाद करायची, हा थोरलीचा नियम. धाकटीची एकूण एक खुर्ची डुलायची, पण तसं सांगायला थोरलीची जीभ रेटेना. "मस्त झालीय गं," म्हणून ती मोकळी व्हायची आणि धाकटीची पाठ वळली की तसलीच दुसरी स्वतः करायची. ऑर्डरी वाढत गेल्या, तशी तिची बोटं रात्रंदिवस ठणकायला लागली.

आज ती पार्सलं देऊन परत आली, तर धाकटी जमिनीवर बसलेली. पॉलिश पेपर शोधताना पलंगाखालचा बिस्किटांचा डबा तिच्या हाती लागला होता. त्यातली आपण केलेली एकेक खुर्ची ती आरशावर ठेवून दाबत होती.

"ही डुलते," ती म्हणाली. "हीसुद्धा."

"अगं, तुला वाईट वाटू नये म्हणून..."

"सांगितलं असतंत तर पाय घासायला शिकले असते, ताई." धाकटीने पुढची खुर्ची उचलली. "मला वाटायचं, मी तुम्हाला हातभार लावतेय. तुम्ही तर मला खेळायला बसवलं होतं."