शिक्का शाबूत

सुंदररावांनी पेटीच्या कुलपावर साचलेलं कुंकू नखानं खरवडलं आणि ते बोट आसारामच्या उपरण्याला पुसलं. बीडच्या मोठ्या मदरशाच्या, म्हणजे सरकारी शाळेच्या, पटांगणात मांडव घातला होता आणि त्याखाली सोळा शाळांच्या सोळा पेट्या ओळीनं मांडल्या होत्या. लिंबागणेशच्या शाळेची पेटी सातवी. बैलगाडीत ती मांडीवर धरून आणली आसारामनं. हेडमास्तर सुंदरराव वाटभर पान चघळत तिच्याकडे पाठ करून बसले होते.

नऊ सालांमागं निजाम सरकारच्या तालीम खात्यानं, म्हणजे शिक्षण खात्यानं, निवडक शाळांना सायन्सच्या सामानाची एकेक पेटी धाडली होती. कुलूप, कुलपावर लाखेची मोहर आणि सोबत हुकूम, की शिकून तयार झालेला मास्तर येईपर्यंत मोहर तोडू नये. तो मास्तर काही आला नाही. येणार कुठून? त्याला तयार करायचं कुणाच्या डोक्यात आलं असतं तर ना! मग गावोगावच्या हेडमास्तरांनी आपापल्या अकलेप्रमाणं पेटी सांभाळली. सुंदररावांनी तिची पूजा मांडली. खंडेनवमीला शेतकरी नांगर पुजतो, लोहार ऐरण पुजतो, तसं दर साली पेटीला हळदकुंकू, झेंडूची माळ आणि नारळ. नऊ वर्षांत नऊ नारळ फुटले. आत काय आहे, हे हेडमास्तरांनी कुणाला विचारलं नाही आणि त्यांनाही कुणी विचारलं नाही. काय म्हणावं या भक्तीला!

आसाराम त्यांच्या हाताखालचा दुय्यम मास्तर, लोहाराच्या घरचा. पेटी आली त्याच आठवड्यात त्यानं पाहिलं होतं, की कुलूप आणि मोहर पुढच्या अंगाला आहे, आणि मागं बिजागऱ्या चार स्क्रूंवर आहेत. पुढून पुजायची पेटी मागून उघडायची असते, हे लोहाराच्या पोराला सांगावं लागत नाही. दुपारी जेवून सुंदरराव आडवे झाले की दोन तास ढाराढूर. तेवढ्यात आसाराम स्क्रू काढी, सामान मांडी, शिकवी, पुसून जिथल्या तिथं ठेवी आणि स्क्रू परत बसवी. पितळेचा एक गोळा होता आणि त्याच्या मापाचं कडं. थंड असला की गोळा कड्यातून सहज निसटायचा, दिव्यावर तापवला की अडकून बसायचा. पोरांचे डोळे विस्फारले की आसाराम विचारायचा, आता सांगा, माझा बाप गाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवायच्या आधी ती विस्तवात लाल का करतो? पोरं घरी जाऊन बैलगाडीच्या चाकाकडे टक लावून बसत. नऊ वर्षांत एकाही पोरानं ही गोष्ट हेडमास्तरांच्या कानावर जाऊ दिली नाही. शाळेत काही शिकवलं जातं असा त्यांचा मुळी वहीमच नव्हता.

पण अर्धं सामान आसारामलाही कळत नव्हतं. काचेच्या एका बरणीत सोन्याच्या वर्खाची दोन पानं लोंबत होती. कधी कधी ती एकमेकांपासून आपोआप दूर होत, कधी ढिम्म राहत. का, ते सांगणारं गावात कुणी नव्हतं. त्या दोन पानांपायी त्याची झोप उडाली होती.

म्हणून बीडच्या या जलशाचा, म्हणजे मेळाव्याचा, हुकूम आला तेव्हा त्याचा जीव वर-खाली झाला. प्रत्येक शाळेनं पेटी आणि दोन मास्तर घेऊन हजर व्हायचं. त्या साऱ्यांतून एकच मास्तर सहा महिने हैद्राबादेला सायन्स शिकायला जाणार आणि परत येऊन सोळाही शाळांच्या पेट्या उघडणार. आसारामनं मन घट्ट करून सुंदररावांपुढं शिफारशीचा शब्द टाकला होता. ते खो खो हसले होते.

"हैद्राबादेत काय घोड्यांला नाला ठोकायच्या हायत बे?"

आणि शिफारशीच्या कागदावर त्यांनी स्वतःचंच नाव लिहून टाकलं.

मोहतमीम साहेब, म्हणजे शाळा तपासणारा बडा अंमलदार, शेरवानी सावरत आले. मागं यादी घेतलेला कारकून मैनुद्दीन. सोळाही मोहरा शाबूत निघाल्या तेव्हा साहेबांचा चेहरा खुलला. मग ते मोहरा तोडून पेट्या उघडायला लागले आणि चेहरा उतरत गेला. पहिल्या पेटीत वाळवी. दुसरीत गंज. तिसरीत उंदरीण व्यालेली. वाळवीच्या पेटीशी साहेब म्हणाले, की चला, तुमच्या तालुक्यात कुणीतरी सायन्स चाखलं. हेडमास्तर मंडळी हसली. आपल्यालाच बोललं जातंय हे कळायलाही थोडी अक्कल लागते.

सातवी पेटी उघडली आणि साहेब थबकले. आत सगळं लखलखत होतं. मैनुद्दीननं यादी वाचली, एक चीज कमी भरली नाही. साहेबांनी पितळेचा गोळा उचलून उजेडात धरला. खालच्या बाजूला काजळी होती, पुसूनही न गेलेली. त्यांनी बोटानं ती चोळून पाहिली आणि मंद हसले.

"ये किसका काम है?"

आसारामची नजर त्या काजळीवर गेली. सुंदररावांना मात्र नुसतं हसू दिसलं. बावीस वर्षांच्या हेडमास्तरकीत त्यांनी एकच नेम पाळला होता. शाळेत बरं झालं ते आपण केलं, वाईट झालं ते हाताखालच्यानं. ते एक पाऊल पुढं झाले.

"माझंच, हुजूर. दर आठवड्याला पोरांला करून दावतो."

"दर आठवड्याला?"

"नऊ सालापासनं."

साहेबांनी मान डोलावली. मैनुद्दीननं भरभर लिहिलं आणि कागद पुढं केला. सुंदररावांनी न वाचता झोकात सही ठोकली आणि उपरणं सारखं केलं. मग साहेबांनी सामान बाहेर काढून पेटी उलटी करायला लावली. बिजागऱ्यांच्या स्क्रूंची डोकी झिजून गुळगुळीत झाली होती. साहेबांनी मैनुद्दीनला कागद मोठ्यानं वाचायला सांगितला. वर मथळा होता, सरकारी सामानात हुकमाशिवाय ढवळाढवळ, कबुलीजबाब.

सुंदररावांच्या तोंडचं पाणी पळालं. मग तेच तोंड लागलं वाजायला. आपण पेटीला कधी शिवलोच नाही, आत काय आहे तेही आपल्याला ठाऊक नाही, हे सगळं त्या लोहाराचं काम! आसारामनं हे केलं असेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. नेमाप्रमाणं वाईट झालं ते हाताखालच्यावर ढकललं, इतकंच. जन्मात एकदा माणूस खरं बोलला, तेही न कळता.

साहेबांनी आसारामकडे पाहिलं. हो म्हटलं तर नोकरी जाणार आणि हैद्राबादही. आसाराम खाली मान घालून उभा होता.

"असं न्हाई कबूल व्हायचा तो," सुंदरराव म्हणाले. "त्याला ऐरणीची शपथ घाला, हुजूर. लोहार ऐरणीची खोटी शपथ घेत न्हाई."

हे मात्र त्यांना बरोबर ठाऊक होतं. आसारामच्या सात पिढ्या त्या ऐरणीवर जेवल्या होत्या. मैनुद्दीननं टाक पुन्हा दौतीत बुडवला.

"ऐरणीची शपथ," आसाराम म्हणाला. "म्या कधी हात लावला न्हाई, हुजूर."

साहेब खूष झाले. त्यांनी तिथंच उरलेल्या पेट्या उघडून पाहिल्या, त्यांतही तीच रड. मग हिशेब सरळ होता. सामान पुरं असलेली शाळा एकच, आणि त्या शाळेत सामानाला हात न लावलेला मास्तर एकच. सरकारला असाच भरवशाचा माणूस पाहिजे, असं म्हणून त्यांनी हैद्राबादच्या कागदावर आसारामचं नाव घालायला सांगितलं. सुंदररावांच्या कागदावर खाली कारवाईच्या आणखी दोन ओळी लिहिल्या आणि त्यांना खांबाशी उभं राहायला फर्मावलं. मग आसारामला म्हणाले, की पेटी आता तूच भर, चिजांची ओळख होऊ दे.

पेटीच्या आत मखमलीचे खण होते, एकेका चिजेच्या आकाराचे. आसाराम खाली बसला. त्यानं गोळा उचलला आणि भिंगाच्या खणात ठेवला.

"तिथं न्हाई बे, डोळे फुटले काय?" मैनुद्दीन यादीवरून ओरडला.

"चुकलं जी. नवा हाय."

त्यानं गोळा काढला. लोहचुंबक उचललं आणि काचनळीच्या जागी घातलं. मैनुद्दीननं कपाळाला हात लावला. मग कडं, मग दिवा, मग तराजूची पारडी. प्रत्येक चीज हातात घेऊन आसाराम जरा थांबे, खणांवरून नजर फिरवी आणि चुकीच्या खणात ठेवी. साहेब हसून म्हणाले, की अगदीच कोरा आहे, सुरुवातीपासून शिकवावं लागेल.

खांबाशी उभे सुंदरराव बघत होते. गावचे अडाण्यातले अडाणी त्यांनी पाहिले होते, आणि खरा अडाणी दहातली एखादी चीज तरी चुकून बरोबर ठेवतो. आसारामची एकही बरोबर पडली नाही.

सुंदररावांनी तोंड उघडलं, साहेबांकडे आणि आपल्या सहीच्या कागदाकडे पाहिलं आणि मिटून घेतलं.