बाटल्यांची बॅग

पैज लागली ती जिन्याच्या वळणावर, आणि खरं सांगायचं तर वहिनींनी ती घेतली ती केवळ वर जायला वाट मिळावी म्हणून.

गुरुवारची संध्याकाळ. वहिनी पार्सल ऑफिसातून येत होत्या. दिवसभर काट्याशी उभं राहून पायांचे नुसते खांब झालेले. आणि वळणावर कंडक्टरकाका आडवे. बसची नोकरी सुटून सहा वर्षं झाली, पण वाट अडवून उभं राहायची सवय काही सुटली नव्हती. शेजारी तळमजल्यावरचे टेलरमास्तर, गळ्यात टेप तसाच. काका जिथे उभे तिथे काहीतरी ऐकण्यासारखं चालतं, हे मास्तरांना पक्कं ठाऊक.

"फोन आला म्हणे," काका म्हणाले.

"आला."

"सोमवारचं विमान?"

"सोमवारचं."

"या खेपेला नक्की ना?"

असा फोन आधी दोनदा आला होता. परदेशातल्या एका अनाथालयातली मुलगी त्यांच्या नावावर ठरून सव्वा वर्ष झालं होतं. पहिल्या खेपेला तिकडच्या कचेरीनं ऐनवेळी नियम बदलला. दुसऱ्या खेपेला एका कागदावर शिक्का भलत्या बाजूला निघाला, आणि टॅक्सी फाटकाशी उभी असताना निरोप आला की येऊ नका. तेव्हा काकांनीच बॅगा खाली नेल्या होत्या आणि काकांनीच परत वर आणल्या होत्या. वर आणताना ते एक अक्षर बोलले नव्हते. हे त्यांच्या आयुष्यात एकदाच घडलं.

"बाळाच्या दुधाची बॅग हातात नेणार की सामानात टाकणार?"

"हातात. सामान हरवलं तर पोरीला काय पाजू?"

"हातात सात किलो चालतं."

"काका, मी रोज दोनशे पार्सलं वजन करते."

"करा की. पण मी चौतीस वर्षं लोकांची गाठोडी बघितली. तान्हं मूल असलेल्या बाईचं सामान सात किलोत बसलेलं या डोळ्यांनी पाहिलं नाही. बसलं, तर फाटकापुढे खुर्ची टाकून मी बाळाच्या बाटलीनं दूध पिईन. अख्खी बाटली. सगळ्या बिल्डिंगसमोर."

"आणि नाही बसलं तर?" मास्तरांनी विचारलं. त्यांना असल्या गोष्टी स्पष्ट झालेल्या आवडायच्या.

"तर वहिनी पितील."

"लागली," वहिनी म्हणाल्या. "आता सरका."

रविवारी दुपारी त्यांनी कपाटावरची निळी बॅग खाली काढली. सव्वा वर्षापूर्वी, पहिल्या फोनच्या वेळी भरलेली. ट्रिप बारगळली तेव्हा ती उघडून रिकामी करायचं धाडस कोणाला झालं नाही. दुसऱ्या खेपेला वरची धूळ पुसली, चेन जागच्या जागी आहे का बघितलं, बस. बॅग तशीच खाली, तशीच वर.

वहिनींनी ऑफिसातून आणलेला हुकाचा काटा बॅगेच्या पट्ट्यात अडकवला आणि दोन्ही हातांनी उचलला. नऊ किलो चारशे.

काट्याची गरज नव्हती खरं तर. त्यांच्या हातांना उचलतानाच कळलं होतं. पार्सलवाले त्यांच्याशी पैज लावायचे आणि त्या पन्नास ग्रॅमच्या आत वजन सांगायच्या.

"किती?" आतून वायरमननी विचारलं. म्हणजे त्यांच्या नवऱ्यानं. दुसऱ्यांच्या घरच्या वायरी दुरुस्त करता करता स्वतःच्या घरचा पंखा दोन वर्षं घरघरत ठेवणारा माणूस. आत्ता तो पासपोर्ट, फाइल, तिकिटं पलंगावर ओळीनं मांडून तिसऱ्यांदा मोजत होता.

"जास्त."

"मग काढ ना काहीतरी."

"काय काढू ते सांगा."

वहिनी जमिनीवर बसल्या आणि एकेक वस्तू बाहेर काढू लागल्या. आठ बाटल्या. बाटल्या उकळायचं झाकणाचं भांडं. बाटल्या वाळत घालायचा स्टँड. दूध कोमट ठेवायचं यंत्र. विजेची किटली. थर्मास. पावडरचे चार डबे. लांब दांड्याचा ब्रश, आखूड दांड्याचा ब्रश. बारा लाळेरी. एका डबीत निपलं, सगळी एक नंबरची, हळूहळू दूध येणारी, बाळाला ठसका लागू नये म्हणून.

यातलं एकही त्यांना सोडवेना, आणि त्याला कारण होतं. तिकडे पोचल्यावर सात दिवस मुलीला घेऊन एका लॉजवर राहायचं होतं. रोज संध्याकाळी कचेरीतली एक बाई वही घेऊन येणार. मुलगी किती प्यायली, किती खाल्लं, कोणाच्या हातून, रडली का, सगळं लिहिणार. सातव्या दिवशी ती वही साहेबापुढे जाणार. मूल यांच्या हातचं खातंय असं दिसलं तर सही. नाही दिसलं, तर पुन्हा तीन महिन्यांनी या. हे "पुन्हा तीन महिन्यांनी या" वहिनींनी इतक्या खिडक्यांवर ऐकलं होतं की आता कोणी नुसतं "पुन्हा" म्हटलं तरी त्यांचे खांदे उतरायचे. एखादी बाटली कमी पडली आणि त्यावरून घोडं अडलं तर? म्हणून एक डबा बाहेर ठेवायच्या, आणि थोड्या वेळानं तोच डबा परत आत जायचा.

सव्वापाचला दार वाजलं. काका.

"स्क्रू ड्रायव्हर आहे का?"

"कशाला हवाय?"

"ते बघू नंतर," म्हणत ते थेट आत आले आणि काटा अडकवलेल्या बॅगेकडे बघून त्यांच्या तोंडावर जे काही पसरलं, ते सांगण्यापेक्षा बघण्यासारखं होतं. मागोमाग काकू आल्या, हाताला पीठ, नवऱ्याला परत न्यायला.

"कशाला त्रास देता तिला. चला घरी."

"अगं, मी फक्त बघतोय. वहिनी, दूध गार घेणार की कोमट? मी आपलं विचारून ठेवतो. मास्तरांना खुर्चीचं सांगितलंय."

"काका, मला हसायची ताकद नाही हो आज," वहिनी म्हणाल्या. "उद्या हसते."

काकांनी मग एक बाटली उचलली. रिकामीच. निपल तोंडात धरून एकदा ओढलं, परत ओढलं. कपाळाला आठ्या पडल्या.

"ह्यातून येतं तरी काय? नुसती हवा यायला मला एवढा जोर लागतोय."

"एक नंबर आहे तो. तान्ह्यांसाठी."

काका काहीतरी बोलणार होते. तोंड उघडलं. मग त्यांनी काट्याकडे बघितलं, बॅगेकडे बघितलं, आणि तोंड मिटलं. वहिनींना नंतर आठवलं ते हेच, की कंडक्टरकाका तोंड उघडून तसेच मिटतात असं कधी होत नाही. पण ते फार वेळ टिकलं नाही.

"वहिनी, पोरगी केवढी झाली हो?"

"एक वर्ष सात महिने," वहिनींनी सांगितलं. झोपेतून उठवलं असतं तरी सांगितलं असतं. इतक्या फॉर्मांवर लिहिलं होतं.

वहिनींच्या हातात एक नंबरचं निपल होतं. फ्रिजवर फोटो होता, त्यांना मिळालेला एकुलता एक फोटो, दुपट्यात गुंडाळलेली, तोंडाचा चंबू केलेली चार महिन्यांची मुलगी. त्याच्याखालीच बॅग ठेवलेली.

"अगं बाई," काकू हळूच म्हणाल्या. "तिला दात आले असतील की."

वायरमन दारात येऊन उभे राहिले होते. "चालत असेल," ते म्हणाले.

कपडे नणंदेनं वयाप्रमाणे नवे पाठवले होते, ते मोठ्या बॅगेत त्यांनी स्वतः घडी करून ठेवले होते. चपलासुद्धा होत्या. ते सगळं त्या एक वर्ष सात महिन्यांच्या मुलीसाठी होतं. पण ही निळी बॅग मात्र अजून त्या फोटोतल्या मुलीसाठी भरलेली होती, आणि दोघींची गाठ त्यांच्या डोक्यात आजवर पडलीच नव्हती. मधले पंधरा महिने त्यांनी रांगेत काढले आणि ती तिकडे दात काढत बसली.

काकूंनी पावडरचा डबा उलटा करून डोळ्यांपासून लांब धरला. "ही तारीखसुद्धा गेली गं. मार्चमध्येच."

"मग तिला काय देतात तिकडे?" काका म्हणाले. "काही लिहून दिलं असेल ना त्यांनी?"

वायरमन आत गेले आणि फाइल घेऊन आले. जाड, दोरीनं बांधलेली. "हा दोन महिन्यांपूर्वी आलेला गठ्ठा," ते पानं उलटत म्हणाले. "प्रत्येक पानावर सही करून संध्याकाळच्या आत परत पाठवा म्हणाले होते. ही आपली प्रत."

"वाचला होता?"

"सही केली होती."

वहिनींनी मान हलवली. त्यांनीही केली होती. एकशे बारा पानं. पहिली दहा नीट वाचली, मग नुसती खालची रेघ शोधत गेल्या. शंभराव्या पानाला आपलंच नाव अनोळखी वाटायला लागलं होतं.

एक्याऐंशीव्या पानावर सापडलं. भाषांतर करणारा कोण होता देव जाणे. वायरमन वाचू लागले, "बालिका झाकणयुक्त पेल्यातून दुग्ध प्राशन करते. बालिका स्वहस्ते भोजन करते. केळे व बटाटा सहर्ष स्वीकारते. निद्रेपूर्वी एक बाटली मागते, बाटलीचे छिद्र मोठे असावे, अन्यथा बालिका क्रुद्ध होते."

"क्रुद्ध होते," काका म्हणाले. "होणारच. मी दोनदा ओढून झालो."

वहिनी हसल्या नाहीत. "परत वाचा," म्हणाल्या. वायरमननी परत वाचलं. खाली उजव्या कोपऱ्यात दोघांच्या सह्या होत्या, वहिनींची जरा वाकडी.

"या आठ बाटल्या नेऊन मी तिला रोज पाजत बसले असते," त्या म्हणाल्या. "ती फेकून देत बसली असती, आणि ती बाई लिहीत बसली असती."

"आता नाही ना बसणार," काकू म्हणाल्या. "ऊठ. आमच्या नातवाचा तोटीचा कप आहे, कडा चावून ठेवल्यात त्यानं, पण गळत नाही. तो घे. खोल वाटी आणि छोटा चमचा माझ्याकडचा. बाटली एकच ने, आणि निपल तीन नंबरचं."

"दुकान सहाला बंद होतं," काका म्हणाले. "रविवार आहे. भाऊ, चप्पल घाला, मी स्कूटर काढतो."

"तुम्ही गप्प बसला असतात तर उद्या जिंकला असतात," काकू त्यांच्या मागून म्हणाल्या.

"गप्प बसता आलं असतं तर कंडक्टर कशाला झालो असतो," काका जिन्यातून म्हणाले.

ते परत येईपर्यंत वहिनींनी बॅग पूर्ण रिकामी केली. आत तळाशी पहिल्या खेपेची यादी निघाली, त्यांच्याच अक्षरात. ती त्यांनी घडी करून कचऱ्यात टाकली. मग कप, वाटी, चमचा, किटली, थर्मास, सहा लाळेरी. पावडरचे दोन नवे डबे आले तसे ते. एक बाटली, मोठ्या भोकाची. बाळासाठीच्या बिस्किटांचे दोन पुडे. जागा एवढी उरली की वायरमननी आपला स्वेटर घडी करून त्यात बसवला. काटा लावायच्या आधीच वहिनींनी सांगितलं, "पाच सातशे." काटा पाच सातशे वीसवर थांबला.

सोमवारी सकाळी नऊला मास्तरांनी फाटकापाशी काटा हातात धरला. डोळ्यांवर चष्मा, चेहरा न्यायाधीशाचा. "पाच किलो सातशे वीस," त्यांनी जाहीर केलं. वर बाल्कन्यांमध्ये माणसं येऊन उभी होती, कोणी दात घासत, कोणी कपडे वाळत टाकता टाकता.

काकांनी कुरकुर केली नाही. प्लॅस्टिकच्या खुर्चीत ते ताठ बसले. काकूंनी मागून त्यांच्या गळ्यात उरलेल्यांपैकी एक लाळेरं बांधलं, त्यावर बदकं होती. बाटली मास्तरांनी आणली, काठोकाठ. निपल एक नंबरचं, कारण घरात तीन नंबरचं एकच होतं आणि ते बॅगेत गेलं होतं.

"दाबायचं नाही," मास्तर म्हणाले. "नुसतं ओढायचं."

काकांनी तोंड लावलं. गाल आत गेले. बाटलीत एक बुडबुडा वर आला. वरून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या मजल्यावरून आवाज आला, "काका, ढेकर काढून मगच सोडणार हं." काकांनी बाटली न सोडता वर हात दाखवला.

टॅक्सीवाल्यानं मोठी बॅग मागे टाकली. वायरमननी पासपोर्टाचा खिसा दोनदा चाचपला. वहिनी निळी बॅग मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसल्या. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता. या खेपेला निरोप आला नव्हता. येईल असं अजूनही वाटत होतं, म्हणून फोन मुठीत होता. खिडकी खाली करून त्या म्हणाल्या, "काका, पुरे झालं आता. आम्ही निघतो."

काकांनी मान नकारार्थी हलवली. बाटली तोंडातच. काकू म्हणाल्या, "तू जा गं. त्यांना वेळ लागेल."

मास्तर खाली वाकले, बाटलीवरच्या रेघा बोटानं मोजल्या आणि चालू लागलेल्या टॅक्सीच्या खिडकीशी येऊन सांगितलं, "अजून पहिली रेघसुद्धा उतरली नाही, वहिनी." मागे काका ओढत होते. गाल आत, डोळे बाहेर, गळ्यात बदकं.