शाळेनं भरायचं पान

"पोट आत घेऊ नका, सर. सव्वीस जानेवारीचा सफारी पोटालाच घालायचाय," मी टेप आवळत म्हणालो.

मुख्याध्यापक गुणवंतरावांनी श्वास सोडला. बेचाळीस भरलं. समोरच्या पानठेल्याला ऐकू जाईल अशा आवाजात मी पंचेचाळीस पुकारलं.

"सर, तो नागपूरचा कागद..."

"कितीदा सांगू, बाबूभाई? तुमच्या रूहीले काही बिमारी नाई. वांड पोरगी हाय. दोन ठेवून द्या, बसते चूप. असे कागद भरले तं शाळेचं नाव खराब होते."

रूही माझी धाकटी, पाचवीतली. सतराचा पाढा उलटा म्हणायची, तोही लंगडी घालत. गिऱ्हाईक दारात दिसलं की कापड किती लागेल ते टेपच्या आधी सांगायची. पण वहीत एक गणित पुरं नाही, आणि बाकावर बसली की खाली निखारे ठेवल्यासारखी. नागपूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे. लक्ष ठरत नाही, हा आजारही असू शकतो. तपासायला हवं. हे पान तुम्ही भरा, ते शाळेनं." तारीख दिली सव्वीस जानेवारीच्या दुसऱ्या दिवशीची. पान नसेल तर तपासणी अर्धीच राहणार. इकडे सरांनी बजावलेलं, उन्हाळ्यात दाखला हातात देतो म्हणून.

मी गिळलं असतं. पण तिसऱ्या दिवशी सरांनी रूहीची वेणी रिबिनीनं खिडकीच्या गजाला बांधली. मधल्या सुट्टीभर पोरं बघून गेली. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "अब्बा, गज मोजले. अकरा हायेत."

शुक्रवारच्या बाजारात जंगलातली सोनीबाई हिरडा-बेहडा घेऊन बसते. तिच्याकडून मी खाजकुइलीच्या वाळल्या शेंगा मागितल्या.

"हात नोको लावजो, भाऊ. वाघाले लागली तं वाघ झाड सोलते. तुले काऊन पायजे?"

"एकाचा पाहुणचार कराचा हाय."

शेंगांवरची लव मी चिमट्यानं सरांच्या सफारीच्या अस्तरात पेरली. काखेत बेतानं, सीटला सढळ हातानं. चाळीस वर्षांत इतकं मन लावून मी काही शिवलं नव्हतं.

सव्वीस जानेवारीला झेंडा चढला तेव्हा थंडी होती. मग ऊन आलं, घाम आला, आणि सर भाषणाला उभे राहिले. 'शिस्त' या शब्दापर्यंत नीट पोचले. तिथून पुढं एकदा डाव्या पायावर, एकदा उजव्या. मग त्यांनी माईकच्या दांड्याला पाठ घासली. मग खुर्चीला. मग शेजारच्या सभापतींना. पोरं अशी हसली की पार तिकडं चामोर्शीच्या बाजारातल्या म्हशींनी माना वळवल्या म्हणतात. मी आपला कमीच सांगतो.

शाळेपासून सगळ्यात जवळ माझं दुकान. सर थेट पडद्यामागं घुसले. सफारी बाहेर पडला. मी लुंगी आत फेकली. मापाला दिलेली त्यांची जुनी पँट मात्र हातात धरून ठेवली.

"दे ना रे बाबू! लुंगीवर बाजारातून जाऊ का?"

"देतो, सर. आधी ते पान."

"मर! वाच, बोलतो मी!"

रूही धावत मागोमाग आली होती. मी पान तिच्याच हाती दिलं.

"'हातपाय सारखे हलवते का?'"

"नेहमी!" पडदा गदागदा हलत होता.

"'दुसऱ्याचं बोलणं पुरं व्हायच्या...'"

"नेहमी! पुढं!"

"'रांगेत आपली पाळी...'"

"नेहमी, नेहमी! आटप!"

असे अठरा. प्रत्येक 'नेहमी' मला पेढ्यासारखा लागला. रूही एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत खुणा करत होती.

"आखरीचं, सर. 'या मुलीतली कोणती गोष्ट तुम्हाला आवडते?'"

पडदा हलायचा थांबला.

"सर?"

"ते... कोरं ठेव."

"एकच ओळ हाय, सर."

आतून नुसतं खाजवणं ऐकू येत होतं, तेही हळूहळू. रूहीचे दोन्ही पाय जमिनीवर होते. ती पडद्याकडं बघत होती, आणि पेनाच्या टोकाखाली शाईचा ठिपका वाढत होता. मला म्हणावंसं वाटलं, चल बेटा, झालं. पण ती इतकी स्तब्ध उभी मी कधी पाहिली नव्हती. सरांची पँट हातात धरून मीही वाट बघत राहिलो.