छपरावरचं कुंकू

सहदेवने पातेलं उचललं आणि ते तसंच हातात धरून उभा राहिला. धूळ बसू नये म्हणून काल संध्याकाळी त्यानेच ते गाडीवर उपडं घातलं होतं. गाडी जागेवरच होती. फक्त तिच्या गडद लाल छपरावर आता हळदीकुंकवाचं एक ठसठशीत बोट उमटलं होतं, त्यावर चार अक्षता आणि झेंडूची एक पाकळी.

त्याने पाकळी नखाने अलगद उचलली. ती आली, पण रंगाचा पापुद्रा सोबत घेऊनच. वरचा थर अजून ओला होता.

"आई!"

"ओरडतोस काय रे दसऱ्याच्या दिवशी?" रुक्मिणी स्टोव्हपाशी खिरीत वेलची घालत होती.

"माझ्या गाडीला कुंकू कोणी लावलं?"

"मी कशाला लावू? तू बाजारात गेलास तेव्हा बाबांनी आंघोळ करून पूजा केली. मी नुसतं ताट दिलं."

"रंग ओला होता ना पण! वाट लागली सगळी."

"मग तसं सांगून जायचं होतंस."

सांगून जायचं म्हणजे बाबांशी बोलायचं. मालाडच्या त्या दोन खोल्यांत बापलेकांचं बोलणं सध्या 'पाणी आलं' आणि 'कडी लाव' यापलीकडे फारसं जात नव्हतं. बापाला वाटे, पोरगा लग्नाच्या वयात खेळण्यांशी खेळतो. पोराला वाटे, यांना काय कळतंय. दोघांचंही थोडं थोडं खरं होतं.

गाडी वीतभर लांबीची होती. सुट्या भागांचं खोकं बहीण जयंतीच्या नवऱ्याने बोटीवरून येताना आणलं होतं. अमेरिकेत कधीकाळी पोरं जुनाट फोर्ड गाड्या भंगारातून उचलायची, छप्पर कापून बुटकं करायची, इंजिन उघडं टाकायची आणि सुसाट उडवायची. त्या गाड्यांना हॉट रॉड म्हणत. खोक्यातली गाडी बत्तीस सालची, अगदी साधी होती. तिची हॉट रॉड सहदेवने केली. करवतीच्या तुटक्या पात्याने छप्पर कापून खाली आणलं, बॉनेट काढून टाकलं. बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलींचे सायलेन्सर केले. जुन्या रेडिओच्या वायरीतली केसाएवढी तांब्याची तार सोडवून ती इंजिनाच्या प्रत्येक प्लगला जोडली. श्वास रोखून करायचं काम होतं ते, आणि ते करताना त्याला जेवणाची शुद्ध राहत नसे.

उद्या सकाळी ही गाडी मढच्या एका बंगल्यावर न्यायची होती. तिथे शूटिंग चालू होतं आणि चंद्रप्रकाश नावाचा कला दिग्दर्शक तिची वाट बघत होता. त्याने सहदेवचा एक छोटा ट्रक सायकलवाल्याच्या काचेच्या कपाटात पाहिला आणि पत्ता शोधत घरी आला होता. त्याच्या पिक्चरमध्ये खलनायकाची गाडी दरीत कोसळायची होती. खरी गाडी कोण पाडणार?

"फिनिशिंग दिखाओ मुझे," तो जाताना म्हणाला होता. "कॅमेरा पास जाता है ना, तो एक दाग भी हाथी जैसा दिखता है. माल अच्छा हुआ तो परमनंट रख लूंगा."

परमनंट. तो शब्द ऐकून रुक्मिणीने देवाला साखर ठेवली होती. गिरणीचा संप सुरू झाल्याला दुसरं वर्ष चाललं होतं आणि घर तिच्या जेवणाच्या डब्यांवर रेटलं जात होतं. बाप, धाकू, मात्र खाटेवरून एवढंच म्हणाला होता, "दरीतच पाडूची, तर रंगवतंस कित्याक?"

रुक्मिणीलाही हसू आवरलं नव्हतं. सहदेवला ते हसणं अजून बोचत होतं.

धाकू गिरणीत साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवायचा. दसऱ्याला साच्यांना तोरणं लागत, आणि कामगार बायकापोरांना घेऊन आपापलं यंत्र दाखवायला जात. सहदेव लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून तो थाट बघायला गेला होता. एरवी कान बधिर करणारं ते खातं त्या दिवशी गप्प असे. त्याने साच्याला हात लावायला बोट पुढे केलं, तेव्हा धाकूने ते हळूच मागे घेतलं होतं. "आज हत्याराक हात लावूचो नसता. आज तेचो दिवस."

आणि एका वर्षी सहदेवने घरच्या पूजेत आपला भोवरा नेऊन ठेवला होता. धाकूने तो उचलून परत त्याच्या हातात दिला. ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा, खेळण्याची नाही. सहदेव त्या दिवशी खूप रडला होता.

आता मात्र रडून भागणार नव्हतं. त्याने मनात हिशेब मांडला. छपराचा रंग टर्पेंटाइनने पुसायचा, बारीक पॉलिशपेपर मारायचा, पातळ हात देऊन बल्बखाली वाळवायचं. आत्ता बसलं तर सकाळपर्यंत जमेल. तो खाटेखाली वाकला. हत्यारांचा डबा तिथे नव्हता.

"आता डबा कुठे गेला माझा?"

रुक्मिणीने पळीनेच देवाच्या कोपऱ्याकडे खूण केली.

देवापुढे पाट मांडला होता आणि त्यावर धुतलेलं पांढरं फडकं. फडक्यावर मधोमध त्याचा चिमटा होता. शेजारी करवतीचं तुटकं पातं, कानस, तीन ब्रश, गोंदाची सुई, रंग ढवळायची काडीसुद्धा. झाडून सगळं डब्यातून काढून, पुसून, ओळीने लावलेलं. एकेका वस्तूला हळदीकुंकवाचं बोट. काडी एवढी बारीक होती, की तिच्यावर कुंकू करंगळीने टेकवलेलं दिसत होतं. त्यामागे आईची विळी आणि डब्यांची कडी. आणि अगदी कडेला धाकूची सूत कापायची छोटी कैची. इतकी वर्षं पाटाच्या मधोमध तीच असायची.

सहदेव गुडघ्यांवर बसला. चिमट्याकडे गेलेला हात त्याने मांडीवर ठेवला. त्याला बापाचा राग आला होता तो कुठे गेला ते कळेना.

धाकू दारातून आत आला. त्याच्या हातात फडकं होतं आणि फडक्याला घासलेटाचा वास येत होता. बाहेर ओट्यावर त्याने सगळं ऐकलं होतं, हे उघड होतं. तो सरळ गाडीपाशी गेला आणि छपराकडे वाकून बघत राहिला. कुंकवाखाली त्याच्या बोटाच्या रेघा रंगात उठल्या होत्या.

"रंग ओलो हुतो, ह्या माका कळला नाय," तो म्हणाला.

सहदेवने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"डागी माल कोण घेणत नाय. आमच्याकडे अख्खो तागो बाजूक काढीत." त्याने पाटाजवळ येऊन चिमटा उचलला, त्यावरचं कुंकू धोतराच्या सोग्याने पुसलं आणि मुलापुढे धरला. "घे. बस कामाक. आजच्या दिवस चलता."

रुक्मिणीने पळी खाली ठेवली. धाकूने दसऱ्याला पूजेतलं हत्यार उचललेलं तिने या घरात कधी पाहिलं नव्हतं.

सहदेवने चिमटा घेतला. उद्याचा तो बंगला, चंद्रप्रकाशचा चष्मा, छपरावर टेकणारी त्याची नजर, सगळं त्याला दिसत होतं. त्याने चिमटा फिरवून पाहिला. मग पुढे वाकून तो पाटावर मधोमध, जिथे होता तिथे ठेवला आणि ताटातलं कुंकू घेऊन पुन्हा त्याला लावलं.

"आज हत्याराक हात लावूचो नसता," तो म्हणाला. किती वर्षांनी तो घरात मालवणी बोलला होता. "उद्या मी सांगेन त्यांना काय सांगायचं ते."

धाकू फडकं हातात चुरगाळत उभा राहिला. त्याला काहीतरी बोलायचं होतं आणि सवय नव्हती. शेवटी तो गाडीपाशी उकिडवा बसला.

"कुंकू इंजनाकच लावणार हुतंय," तो हलक्या आवाजात म्हणाला. "साच्याक आमी मोटरीकच लावीत. पण त्या तारा बगलंय. तुटतली म्हणान हात मागे घेतलंय."

मग त्याने पातेलं घेतलं आणि कुठेही टेकणार नाही अशा बेताने, दोन्ही हातांनी, गाडीवर उपडं घातलं.